हॅनाची अर्धी गोष्ट

अल कुसैस, दुबई
शुक्रवार, दुपार

प्रिय ताई,

पाकीट बघून आधी तू घाबरशील. घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोन सोडून कागदावर का लिहितेय, तर तुझी सवय. माझा व्हॉइस मेसेज आला रे आला की तू तो स्पीकरवर लावतेस, आणि मग भावजी, तुझ्या सासूबाई, दारातला दूधवाला, अख्खा सातारा ऐकतो. हे फक्त तू वाचायचं आहेस. सदानंद अंकुरला घेऊन केस कापायला गेलाय. मी भेंडी चिरायची सोडून जेवणाच्या टेबलावर लिहीत बसलेय. आणि इरा आतल्या खोलीत बॅग भरतेय. तेरा वर्षांची मुलगी बॅग भरतेय आणि तासभर झाला, एकदाही ‘आई, माझा चार्जर कुठंय’ म्हणून ओरडली नाहीये. ताई, मला त्या शांततेची फार भीती वाटतेय.

आमचं कसं काय झालं ते तुला तुकड्यातुकड्यांत माहीत आहे. सदानंदच्या कंपनीने सिलिकॉन ओएसिसमधलं ऑफिस बंद केलं. एचआरने मीटिंगला बोलावलं, कॉफी पाजली, हात मिळवला, खलास. पुढचे महिने त्याने कुणाकुणाचे पाय धरले ते त्याचं त्याला ठाऊक. भेटेल तो इन्शाल्ला म्हणायचा आणि परत फोन उचलायचा नाही. शेवटी रास अल खैमाला एका वेअरहाउसमध्ये काम मिळालं, दोन पायऱ्या खालचं. तो आठवडाभर तिकडेच राहतो, शुक्रवारी येतो. दोन बेडरूमचं घर सोडून आम्ही अल कुसैसच्या या एका बेडरूममध्ये आलो. माझ्या क्लिनिकच्या रिसेप्शनच्या पगारात हे घर चालतं, म्हणून मला नोकरी सोडता येत नाही. आणि ती अमेरिकन शाळा! चांगले दिवस होते तेव्हा सदानंदला हौस, पोरं अमेरिकन शाळेतच शिकली पाहिजेत. आता दोघांची फी झेपत नाही. तू फोनवर ऐकलंस आणि क्षणाचा विलंब न लावता म्हणालीस, इराला माझ्याकडे पाठव. त्या रात्री मी किती दिवसांनी झोपले म्हणून सांगू.

इथे घरोघरी हेच चालतं गं. समोरच्या रोशनची थोरली कोट्टायमला आजीकडे असते, धाकटा इथे. खालच्या मजल्यावरच्यांचा मुलगा दहावीपासून इंदूरला. एकाला गावी ठेवायचं, एकाला जवळ. याला सगळे ‘अ‍ॅडजस्टमेंट’ म्हणतात, सोफा या भिंतीचा त्या भिंतीला लावावा तसं. आम्हीही तसंच केलं. मी आणि सदानंदने याच टेबलावर बसून ठरवलं. अंकुर सहा वर्षांचा, तो आईवेगळा राहणार नाही. इरा मोठी, समजूतदार, तिचं मराठीही सुधारेल. मग तिला बोलावून सांगितलं. सांगितलं, ताई. विचारलं नाही.

आता तुला हॅनाची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. इराच्या वर्गात या वर्षी अमेरिकेचा इतिहास होता, आणि बाईंनी मुलांना सांगितलं की त्या काळातलं एक मूल व्हायचं आणि त्याची गोष्ट वर्गात सांगायची. कुणी जहाजावरचा पोऱ्या झालं, कुणी सोनं शोधणाऱ्याची मुलगी. आमची इरा गुलाम मुलगी झाली. नाव हॅना, वय दहा, मेरीलँडच्या तंबाखूच्या शेतावरची. तिला एक धाकटा भाऊ, सॅम. शाळेचं काम तिथेच संपलं असतं, पण आमचा सकाळचा प्रवास! शारजाकडून येणारा गाड्यांचा लोंढा आमच्या मानगुटीवर बसतो, शाळा आहे त्या सिलिकॉन ओएसिसपर्यंत गाडी मुंगीच्या पावलाने जाते, आणि मागच्या सीटवर अंकुर माकडासारखा उड्या मारतो. त्याला गप्प करायला इरा रोज हॅनाची गोष्ट सांगायची. म्हणजे ती इंग्रजीत सांगायची, तो इंग्रजीत प्रश्न विचारायचा, आणि मी पुढे स्टिअरिंग धरून ऐकायची. सिग्नल हिरवा झाला की अंकुर ‘यल्ला मम्मा’, चल चल, म्हणायचा, पण मला मेलीला वाटायचं, अजून दोन मिनिटं लाल राहू दे.

काय काय शोधून काढायची पोरगी! ती मुलं सहा-सात वर्षांची झाली की कामाला लागायची. मालक जेवत असताना त्याच्या ताटावरच्या माश्या हाकत उभं राहायचं, हात दुखले तरी खाली घ्यायचे नाहीत. स्वतः पाळण्यातून उतरून चार वर्षं झाली नाहीत तर मालकाचं बाळ सांभाळायचं. मालकिणीच्या पलंगाच्या पायथ्याशी जमिनीवर झोपायचं, हाक आली की उठायचं. अंगात जाड्याभरड्या कापडाचा एकच सदरा, थंडीत पायात काही नाही. आपला वाढदिवस कुठला तेही पुष्कळांना माहीत नसायचं. इथे अंकुर रडवेला व्हायचा, कारण त्याचा वाढदिवस तो वर्षभर आधीपासून मोजतो. तो म्हणायचा, हॅनाला माझा देऊ का अर्धा. मग गोष्टीत एक दिवस असा आला की शेतमालकावर कर्ज झालं आणि त्याने सॅमला विकायचं ठरवलं. वाईट माणूस नव्हता तो, असं इराने मुद्दाम सांगितलं. रविवारी चर्चला जायचा, मुलांना गोळ्या द्यायचा. त्याला फक्त अडचण होती. ताई, त्या दिवशी मी ब्रेक इतका उशिरा दाबला की पुढची गाडी थोडक्यात वाचली.

हॅना सॅमला घेऊन पळाली. दिवसा दलदलीत लपायचं, रात्री चालायचं, उत्तरेचा तारा धरून, कारण उत्तरेला गुलामी नव्हती. माग काढणारे कुत्रे आले तर ओढ्यातून चालायचं, म्हणजे पाण्यात वास हरवतो. मध्ये कुणीतरी दयाळू माणूस आपल्या घरात लपवून ठेवणार, मग पुढचं घर, मग पुढचं. अंकुरने विचारलं, सॅम दमला तर? इरा म्हणाली, हॅना त्याला पाठीवर घेते. तो झोपला तर? तरी घेते. आणि ती एकदा तरी त्याचा हात सोडते का, तर नाही, कधीच नाही. रोज शाळेच्या फाटकाशी गाडी पोचली की गोष्ट नेमकी अडचणीच्या जागी थांबायची आणि दोघं हसत उतरायची.

आम्ही इराला साताऱ्याचं सांगितलं त्या दिवशी ती रडली नाही, आदळआपट नाही. तिने फक्त विचारलं, अंकुर? सदानंद म्हणाला, तो इथेच. मी तोंडाला येईल ते बोलत सुटले. मावशीने तुला खोली दिलीय, सायकल घेतलीय, किल्ला जवळ आहे. आणि मग मी एक घोडचूक केली. वातावरण हलकं करायला हसत म्हटलं की अगं, तुझ्या हॅनासारखं कुणी तुला विकत नाहीये! तिने माझ्याकडे असं पाहिलं की माझं हसू जागच्या जागी वाळलं. इंग्रजीत म्हणाली की असं बोलू नकोस, ती खरी मुलं होती, त्यांना जनावरासारखं विकलं जायचं, माझं तसं काहीच नाही आणि मी तशी तुलना कधी करणारही नाही. खरंच होतं तिचं. तेरा वर्षांच्या पोरीने मला माझी जागा दाखवली. दारापर्यंत गेली आणि वळून एवढंच म्हणाली की फक्त एक गोष्ट सारखी आहे, त्यांनाही कुणी विचारलं नव्हतं.

पुढच्या मंगळवारी ती अंकुरला घेऊन पळाली. हे तुला सांगितलं नव्हतं, ताई. कुणालाच सांगितलं नाही. त्या दिवशी शाळा लवकर सुटली होती, मी त्यांना घरी सोडून क्लिनिकला परत गेले होते. तिला जायचं होतं कुलसुमकडे. आम्ही दुबईत नवे होतो तेव्हा शारजाला ज्या बिल्डिंगमध्ये राहायचो, तिथली शेजारीण ती, हैदराबादची. अंकुर तान्हा असताना मी कामावर गेले की तीच सांभाळायची. इराच्या डोक्यात ते ‘सेफ हाउस’. शारजा इथून उत्तरेला, तेवढं तिला फोनच्या होकायंत्रावर दिसलं. पाण्याची एक बाटली, बिस्किटांचा पुडा आणि अंकुरची टोपी घेतली, आणि मेच्या अखेरच्या उन्हात, जेव्हा इथे माणूस गाडीपासून दारापर्यंतही धावत जातो, माझी दोन लेकरं पायी निघाली. वाटेतल्या बागेतल्या तळ्याच्या कडेने तिने त्याला बुटांसकट पाण्यातून चालवलं. का, तर कुत्र्यांना वास लागू नये म्हणून. अंकुरला केवढी मजा वाटली असेल!

मोठा रस्ता ओलांडल्यावर त्याला ओकारी झाली. मग तो चालेना. तिने त्याला पाठीवर घेतलं. अगं, केवढीशी आहे ती, तू बघशीलच, काडी आहे नुसती. कुलसुमने दार उघडलं तेव्हा अंकुरची मान इराच्या खांद्यावर लोंबत होती आणि इराच्या ओठांना चिरा पडल्या होत्या. कुलसुमने त्यांना आत घेतलं, ओल्या फडक्याने पुसलं, मला फोन केला, आणि फोनवर रडायलाच लागली. मी कशी पोचले मला आठवत नाही. अंकुरला सलाइन लावावं लागलं. सदानंद रास अल खैमाहून धावत आला आणि बिल हातात आल्यावर सवयीने मोठ्याने म्हणाला, साडेतीनशे दिरहॅम, म्हणजे आठ हजारांच्या वर, आणि मग भिंतीकडे तोंड करून ढसाढसा रडला. मी इराला एक शब्द बोलले नाही. बोलायला हवं होतं. थोबाडीत मारली असती तरी बरं झालं असतं असं आता वाटतं, कारण मग ती निदान रडली असती.

त्या दिवसापासून ती शहाणी झाली. सांगेल ते करते. भाजी कुठलीही असो, खाते. साताऱ्याला जायचं, ओके. आमच्या बिल्डिंगमधले दत्तप्रसादकाका पुण्याला चाललेत, रविवारी त्यांच्यासोबत जायचं, ओके. स्वतःची ताटली विसळून ठेवते. अंकुरला आपली रंगांची मोठी पेटी देऊन टाकली, जिला तो हात लावेल म्हणून ती वर्षानुवर्षं वरच्या फळीवर ठेवायची. सदानंद म्हणतो, बघ, समजली पोरगी, लवकर मॅच्युअर झाली. मला त्याला गदागदा हलवावंसं वाटतं. तो समोर बसून बघतोय आणि त्याला दिसत नाहीये. त्याला कसं दिसणार म्हणा. ही शांतता मी आतून ओळखते.

ताई, आता जे लिहितेय ते आपण दोघी कधी बोललो नाही. कऱ्हाडच्या एसटी स्टँडवर तू मोठ्याने रडत होतीस, तुझ्या वेणीची रिबन सुटून खांद्यावर लोंबत होती, आणि बाबा तुला गप्प करत होते. मी नऊ वर्षांची. आईचा टीबी वाढला होता, दोन मुली घरात नकोत, एकीला बेळगावला आत्याकडे ठेवू, चारच महिने. तू मोठी, तू घरात हाताशी हवी होतीस, म्हणून मी. आईने लांबूनच सांगितलं, जाते म्हणू नये, येते म्हणावं. मी येते म्हटलं आणि मला वाटलं, म्हटलं म्हणजे येणारच. मी रडले नाही. सगळे म्हणाले, शोभना किती गं शहाणी. आत्या येईल-जाईल त्याला हेच सांगायची, इतकं लेकरू पण डोळ्यातून टिपूस काढलं नाही. मग कसं रडायचं सांग? एवढं कौतुक मोडायचं कसं?

आत्या वाईट नव्हती. देवाशपथ, एक शब्द वावगा बोलली नाही मला. पण तिची मुलं दुसरी पोळी मागायची आणि मी म्हणायची, पोट भरलं. नळाला पाणी यायच्या वेळेला मी कुणी न सांगता उठायची, तिच्या बाळाला मांडीवर घेऊन बसायची, वाती वळून ठेवायची, म्हणजे मी कुणाला जड होऊ नये. चार महिने म्हणता म्हणता माझी दहावी तिथेच झाली. परत आले तेव्हा आई बरी होऊन कितीतरी वर्षं झाली होती, आणि मी आपल्याच घरात पाणी पिऊ का म्हणून विचारत होते. तुला आठवतं? तू हसली होतीस. मला पाहुणी म्हणून चिडवायचीस. तुझ्यावर राग नाही गं माझा, तू तरी केवढी होतीस. पण सदानंदशी लग्न होऊन अठरा वर्षं झाली, अजून मी भूक लागली असं कुणाला सांगत नाही. मला स्वतःहून काही मागताच येत नाही, हा कसला शहाणपणा? हे काय आयुष्य आहे?

हॅनाच्या गोष्टीचं सांगायचं राहिलं. इराने ती मध्येच सोडून दिली. सकाळी गाडीत आता एफएम चालू असतो. अंकुर काही दिवस मागे लागला, सॅम पोचला का, पोचला का. शेवटी काल तिने सांगितलं. नाही पोचले. पकडले गेले आणि सॅमला दुसरीकडे विकलं. अंकुर किंचाळला, तू म्हणाली होतीस हात सोडत नाही! ती खिडकीबाहेर बघत सपाट आवाजात सांगायला लागली. तिथलं यादवी युद्ध संपलं, सगळे गुलाम सुटले, तेव्हा लोकांनी आपली विकली गेलेली माणसं शोधायला वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या. माझा भाऊ, अमुक नावाचा, अमुक ठिकाणाहून नेला, तेव्हा एवढासा होता, कुणाला माहीत असेल तर कळवा. रविवारी चर्चमध्ये पाद्री त्या सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचे. कुणी वीस वर्षं शोधलं, कुणी चाळीस. पोरं म्हातारी झाली तरी शोधत होती. अंकुरने विचारलं, मग सॅम सापडला का? इरा म्हणाली, माहीत नाही. बहुतेक जण सापडलेच नाहीत. मी गाडी कडेला घेतली, हॅझर्डचे दिवे लावले आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. मागचे हॉर्न मारत होते. माझ्या खांद्यावर एक हात आला, थोपटत राहिला. तो इराचा होता, ताई. तीच माझी समजूत घालत होती.

मी काल रात्री फोनवर सदानंदला म्हटलं, नको पाठवूया. तो म्हणाला, मग काय करूया ते सांग. शाळेचा दाखला काढलाय, तुझ्याकडच्या शाळेत नाव घातलंय, पुढच्या टर्मची फी कुठून आणायची ते मला आजही माहीत नाही. म्हणून रविवारी ती येतेय, आणि हे पाकीट मी तिच्या हँडबॅगेत ठेवतेय. तुला फक्त एवढ्यासाठी लिहिलं. तिने पोळी नको म्हटली तरी न विचारता वाढ. रडली नाही तर शहाणी म्हणू नकोस, भावजींनाही सांग. आठ-पंधरा दिवस जाऊ देत. मग कधीतरी दोघीच असताना, किल्ल्यावर ने हवं तर, तिला विचार, इरा, तुला परत जायचंय का? मला कुणी विचारलं नव्हतं. तूही नाही, ताई. ती हो म्हणाली तर त्याच दिवशी मला कळव. मी नोकरीवर पाणी सोडेन, सदानंदशी भांडेन, हे घर मोडेन आणि अंकुरला घेऊन साताऱ्याला येईन. एका खोलीत राहू, काय वाटेल ते करू, पण दोघं एकत्र राहतील. आणि ती हसून ‘आय अ‍ॅम फाइन, मावशी’ म्हणाली, तर तेही मला त्याच दिवशी कळव, आणि ते हो आहे असंच समज. बेळगावहून दर महिन्याला मी कार्डावर लिहायचे ना, मी मजेत आहे, काळजी करू नका, ते तुम्ही सगळ्यांनी खरं धरलंत.

तुझीच धाकटी,
शोभना